तुझ्या तोंडावर टाकलेला पदर

प्रल्हादने मोबाइल तुझ्या तोंडासमोर धरला आणि मी तुझ्या तोंडावर पदर टाकला.

मोबाइलमधून तुझी लेक ओरडली, "आत्या, पदर काढ! आत्या, मले बाबा पाहू दे!"

अंगण माणसांनी भरलं होतं. तुला आंघोळ घालून झाली होती, वरून पांढरं कापड घालून झालं होतं, भन्तेजी येऊन बसले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रल्हाद आपला चुलतभाऊ, गरीब माणूस, आयुष्यात कधी माझ्यापुढे आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला.

"बाई, काय करून राह्यली तू? लेकरू मस्कतले अडकलं हाय. त्याले बापाचं तोंड बी दिसू देशीन का नाही?"

"नाही."

"काऊन पन?"

"सुदामनं मना करून ठेवलं हाय. मेल्यावर फोटो नाही, शूटिंग नाही, काही नाही."

"अवं, हा फोटो नाही, व्हिडिओ कॉल हाय!"

"मले फरक शिकवू नको."

सुजाताचं विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं होतं. वैशाखाचं ऊन. जालन्याहून बर्फाची पेटी मागवली तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. तुला ठेवता येत नव्हतं. म्हणजे तुझ्या एकुलत्या एक लेकीला तुझं तोंड बघायला तेवढा एक मोबाइलच होता, आणि त्याच्या आड मी उभी होते. सुदाम, तू शब्द घेऊन मोकळा झालास. तुझं काय गेलं? उन्हात उभी मी होते.

आता मी तुला विचारते, की हे तू मलाच का सांगून ठेवलंस? तुझं उत्तर मला माहीत आहे. "दुसऱ्या कोनाच्यानं झालं नसतं, बाई." बरोबर आहे. पण लेकरू रडत असताना 'नाही' म्हणायला काय लागतं, ते तुला बघायला मिळालं नाही. ते मीच बघितलं.

तुला हे का नको होतं, ते मला ठाऊक होतं. तिथे जमलेल्यांना ठाऊक नव्हतं. देऊळगावात तू स्टुडिओ टाकलास तेव्हा लग्नं सीझनपुरती, शाळेचे फोटो वर्षातून एकदा. बारा महिने चालायचं ते मयताचं काम. खेड्यापाड्यात म्हाताऱ्या माणसांना वाटायचं, फोटो काढला की आयुष्य कमी होतं. मग जन्मभर कोणी फोटो काढू द्यायचं नाही, आणि डोळे मिटले की लेकरं मोटारसायकल पिटाळत तुझ्या दारात. "फोटूवाले भाऊ, चला लौकर, म्हातारी गेली, एकबी फोटू नाही." तू कॅमेरा गळ्यात घालून जायचास. मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, धोतराने पाठीशी बांधायचं, मागे चादर धरायची आणि चादरीच्या मागून कोणीतरी डोकं सरळ धरून ठेवायचं. नंतर अंधारखोलीत फोटो धुवायचा आणि बारीक ब्रशने त्यावर डोळे काढायचे. उघडे. लोक खूश होऊन न्यायचे. भिंतीवर लावायचे. तू जेवायचा नाहीस त्या दिवशी.

आणि मग आपली आई गेली.

फोटोवाल्याची आई आणि तिचा फोटो नाही. तू कितीदा मागे लागलास! ती म्हणायची, "माह्या फोटो काढशीन तं तुह्या हातचं पानी पिनार नाही." शेवटी तीही खुर्चीत बसली. चादरीच्या मागून तिचं डोकं मी धरलं होतं. ते केवढं जड होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. मग तू मला स्टुडिओत बोलावून स्टुलावर बसवलंस आणि म्हणालास, हलू नको. मला वाटलं माझा फोटो काढतोस. तू ब्रश घेऊन आईच्या फोटोवर वाकलास आणि माझ्याकडे बघून बघून आईचे डोळे काढलेस, कारण सगळे म्हणायचे माझे डोळे आईवर गेले.

त्या फोटोवरून आपण किती भांडलो. मी म्हणायचे, काढ तो भिंतीवरचा, मला घरात गेलं की मीच माझ्याकडे बघते. तू म्हणायचास, आईच आहे ती. आई कधी अशी सरळ बघायची का रे? आई बोलताना कायम चुलीकडे बघायची, नाहीतर आपल्या हाताकडे. समोर डोळे लावून तिने कोणाकडे बघितलं नाही. पण आता बघ काय झालं, मी आई आठवायला जाते आणि ती आठवत नाही. तो फोटो आठवतो. खुर्चीतली बाई, आणि तिला माझे डोळे. चुलीकडे बघणारी आई त्या फोटोने खाल्ली. हे भांडण आपलं मिटलं नाही. तू कबूल केलं नाहीस. फक्त त्यानंतर एकाही मयताला गेला नाहीस. दारात आलेल्यांना हात जोडायचास. लोक म्हणाले, सुदाम माजला. खरं तर तू भ्याला होतास.

मग तुला दुसरं वेड लागलं. जिवंत माणसं.

माझा नवरा गेला आणि मी तुझ्याकडे राहायला आले, त्याच्या थोडं आधीपासून तू बाजार फिरायला लागला होतास. धाडचा बाजार, पिंपळगाव राजाची यात्रा, बुलढाण्याच्या घाटातले मेंढरंवाले, आपल्या बालाजीच्या जत्रेतले पाळणेवाले. कोणी बोलावलेलं नाही, कोणी पैसे देणार नाही. तू म्हणायचास, मेल्यावर जाण्यापेक्षा आधीच जातो. पण लोक कॅमेरा बघून ताठ व्हायचे. म्हातारे तर पाठ फिरवायचे. एकदा धाडला तू मला सोबत नेलंस, पिशवी धरायला म्हणून. एक आजोबा वाळलेल्या मिरच्यांच्या ढिगामागे बसले होते. तू कॅमेरा उचललास तशी त्यांनी टोपी तोंडावर ओढली.

"नोको रे बाबा. फोटूनं मानूस मरते."

माझं तोंड काही बंद राहत नाही. मी म्हटलं, "आजोबा, फोटोनं मानूस मरत असता तं पुढारी एकबी जित्ता राह्यला नसता."

आजोबा असे हसले की टोपी मिरच्यांत पडली. तू टिपलास. नंतर जीपमध्ये तू मला म्हणालास, "बाई, पुढच्या बाजाराले बी चाल. तू फकस्त बोल. तू बोलली का मानसं फोटो इसरतात."

"मी काही शिकलेली नाही रे. चौथी पास."

"तुह्या हात चौथीतला हाय, पन तोंड मॅट्रिक पास हाय."

तेव्हापासून हाच आपला धंदा झाला. धंदा म्हणते, त्यात मिळत काही नव्हतं. मी पुढे जाऊन भांडायचे, तू मागून टिपायचास. बांगड्यावाल्या चाचींना मी म्हटलं होतं, तुमच्या बांगड्या दारुड्याच्या शपथेपेक्षा लवकर तुटतात. त्यांनी माझं मनगट धरून मलाच शिव्या घातल्या, त्या शिव्या घालतानाचा त्यांचा फोटो सगळ्यांत चांगला आला असं तू म्हणायचास. पिंपळगावच्या दोन जावा आठवतात का? एका ओट्यावर राहून किती तरी वर्षं बोलत नव्हत्या. मी म्हटलं, कोण मोठी? दोघी एकदम म्हणाल्या, मी. आणि एकमेकींकडे बघितलं. तू तेवढं टिपलंस. फोटो द्यायला गेलो तेव्हा धाकटी म्हणाली, "माह्यावाला अर्धा कापून द्या." पण कापू दिला नाही तिने. पाळणेवाला तर मला बघून पाळणा थांबवायचा. म्हणायचा, आजी आली, आता माझी इज्जत जाणार.

फोटो काढताना तुझी जीभ बाहेर यायची, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात. पाचवीतल्या पोरासारखी. मी कितीदा म्हटलं, जीभ आत घे, माशी बसेल. तुला ऐकू यायचं नाही. तेवढ्या वेळात तुला उन्हाचं, भुकेचं, गुडघ्याचं काही कळायचं नाही. मेंढरांच्या मागे उताराला धावलास, पडलास, कॅमेरा वर धरून पडलास. धनगर म्हणाला, "भाऊ, लागलं का?" तू म्हणालास, "तुम्ही तसेच उभे राहा." कोपर फुटलं होतं आणि तू हसत होतास. तुझी बायको गेल्यावर मी तुला हसताना फक्त कॅमेऱ्याच्या मागे बघितलं. मला फोटोतलं काही कळत नाही. उजेड कुठून पडतो, तुझं काय काय असायचं ते. पण माणूस कशाने जगतो ते कळतं. तू त्याने जगत होतास.

आता एक सांगते, जिवंतपणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतास. मला मजा यायची. आदल्या दिवशी मी कुरकुर करायचे, जीपमध्ये अंग मोडतं म्हणायचे, आणि सकाळी तुझ्या आधी तयार असायचे. मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं की तू बोल. सगळे म्हणायचे, तोंड आवर. आई, सासू, नवरा, झाडून सगळे. तू एकटा म्हणालास, बोल.

शब्द घेतलास तो असाच एका बाजाराहून येताना. रस्त्यात एक अंत्ययात्रा चालली होती आणि चार जण मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. जीप थांबली होती. तू बराच वेळ बघत राहिलास.

"बाई, मी मेलो का माह्यं असं काही करू देजो नको. फोटो नाही, काही नाही."

"मी मोठी हाय. मी आधी जाईन."

"तू कुठं जातं? तुले न्यायले जो येईन त्याच्याशी तू भांडशीन. तो हात जोडून वापस जाईन."

जीपमधले सगळे हसले. तू हसला नाहीस. म्हणालास, "सुजीले तर बिल्कुल दाखवजो नको. तिच्याजोळ माह्ये हजार फोटो हाये. पन मेलेला एक आला का तोच राह्यते. बाकीचे पुसून जाते." आईचं नाव तू काढलं नाहीस. पण ते तू आईबद्दल बोलत होतास. आपल्या भांडणात तू कबुलीच्या सगळ्यांत जवळ आलास तो तेव्हाच, आणि मी मूर्खासारखी बाहेर बघत बसले. तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

जायच्या दिवशीही आपण धाडहून आलो होतो. येताना मी म्हटलं, आता पुरे, माझे गुडघे गेले, पुढच्या बाजाराला येत नाही. तू म्हणालास, मग बोलणार कोण? मी म्हटलं, तूच बोल. तू म्हणालास, मी बोललो का लोक सरळ बसतात. ते भांडण घेऊनच आपण घरात शिरलो. तू ओट्यावर बूट काढायला बसलास. एक बूट निघाला. तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "बाई, पानी." मी पाणी आणलं तेव्हा तुला ते पिता येत नव्हतं. गाडी येईपर्यंत तू माझ्या मांडीवर होतास. गाडी आली तेव्हा घाई करायचं कारण राहिलं नव्हतं. मी येणार होते रे पुढच्या बाजाराला. तुला ते माहीत असेल असं मी धरून चालते.

तर अंगणात मी पदर धरून उभी, आणि प्रल्हादच्या हातातून सुजाता रडतेय. मी मोबाइल हातात घेतला. तिचं तोंड दिसत होतं, हॉस्पिटलच्याच कपड्यात होती.

"आत्या, मी नर्स हाय. मी रोज मेलेली मानसं पाह्यते. मले काही होनार नाही."

"ते तुह्ये कोनी नसतात."

"तो माह्या बाप हाय! तुह्या एकटीचा भाऊ नाही!"

ती बरोबर बोलत होती. मी प्रल्हादला म्हटलं, याचं चित्र बंद कर, नुसता आवाज राहू दे. त्याने केलं. मी तो कानाला लावला, खाली बसले, तुझ्या तोंडावरचा पदर मीच काढला आणि तिला म्हटलं, "आईक. मी सांगते. इचार काय इचारायचं ते."

मग तिने विचारलं, "दाढी केली का?"

"केली. प्रल्हादनं केली. हनुवटीखाली थोडी राह्यली."

"डोये?"

"मिटले. मीच मिटले."

"रंग?"

"उतरला. ओठ काये पडले."

"तोंड उघडं हाय का?"

"थोडंसं. डाव्या बाजूनं."

तिकडे ती हुंदका देऊन रडली. मग विचारलं, "दुखलं का त्यायले?"

मला खोटं सांगता आलं असतं. सगळे तसंच सांगतात, झोपल्यासारखे गेले म्हणून. मी म्हटलं, "दुखलं. जास्त येळ नाही. माह्या मांडीवर व्हता."

"काय बोलले?"

"पानी मांगलं."

"माह्यं नाव घेतलं का?"

"नाही. बोलनं झालंच नाही त्याच्यानं."

माणसं खोळंबली होती. ऊन वर येत होतं. प्रल्हादने खूण केली की आता उचलायचं. मी सांगत राहिले. शर्ट कोणता घातला, तर मागच्या सुट्टीत तिने आणलेला निळ्या रेघांचा. हातावर कोपराजवळ ती मेंढरांमागे पडल्याची खूण आहे. नखात अजून मिरचीचा लाल रंग आहे, आंघोळीने गेला नाही. आदल्या दिवशी बाजारात कोणाकोणाचे फोटो काढलेस. मिरचीवाले आजोबा आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो, तो म्हणाला, बापाचा तुम्ही काढलेला फोटोच घरात लावलाय, टोपी पडतानाचा. तू म्हणाला होतास की मी बोलले की माणसं फोटो विसरतात. सुजाता विसरली नाही. तिने मधेच मला थांबवलं आणि म्हणाली, "आत्या, तू मले माह्या बाप दाखवला नाही. हे मी इसरनार नाही." आणि फोन कापला. मग तुला नेलं.

ती तिसऱ्या दिवशी आली, राख सावडायच्या दिवशी. माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचा चहा घेतला नाही, शेजारून आलेला घेतला. घरात वावरायची, तुझ्या कपड्यांच्या घड्या करायची, माझ्यासमोरून जायची. मी तरी काय बोलणार? माफी मागायला माझं चुकलं होतं असं मला वाटत नव्हतं, आणि बरोबर होतं असं म्हणायची हिंमत होत नव्हती. तूच ठरव. तुझाच शब्द होता.

पुण्यानुमोदनाच्या, तुझ्या नावाने जेवण घालायच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर प्रल्हाद हातात मोबाइल घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. खाली बघून म्हणाला, "बाई, मले माफ कर. मसनात मी एक काढला व्हता. लाकडं रचाच्या आधी. सुजीसाठी. मले तिचं रडनं पाह्यवलं नाही."

सुदाम, तू गेलास त्या दिवशी माझ्याने रडणं झालं नव्हतं. तेव्हा झालं. एवढं सगळं करून तुझा शब्द राहिलाच नव्हता. मी त्याला काही बोलले नाही. मी, आणि काही बोलले नाही, तूच बघ.

सुजाता दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. प्रल्हादने मोबाइल तिच्यापुढे केला, उपडा धरून. तिने तो घेतला, उपडाच. माझ्याशेजारी येऊन बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आत्या, आजीचा फोटो पाह्यला का तुले आजी आठवत नाही. बाबांनी मले सांगतलं व्हतं. खरं हाय का?"

म्हणजे तू कबूल केलं होतंस. मला नाही, लेकीला.

"खरं हाय," मी म्हटलं. "आता फकस्त फोटोच आठवते."

तिने मोबाइल सुलटा केला, फोटोवर तळवा झाकून बोटाने काहीतरी केलं आणि म्हणाली, "माह्या मोबाइलवर पाठवला. प्रल्हादकाकाच्या फोनमधून काढून टाकला. पाह्यला नाही."

"मंग पाठवला काऊन?"

"माह्या बाप हाय म्हनून." मग मोबाइल प्रल्हादला परत देऊन म्हणाली, "तू हायेस तवलोक मी तुले इचारीन. बाबा काय म्हनले, कुठं गेले, काय खाल्लं. तू गेल्यावर पाह्यीन."

"माह्या काय भरोसा? गुडघे गेले, शुगर हाय."

"ते मले माहीत नाही," ती म्हणाली. "गोया येळेवर घे."

ती परत गेली. दर शुक्रवारी तिची सुट्टी असते, तेव्हा फोन करते. कसं आहे विचारत नाही, सरळ विचारते, बाबांचं सांग. मी सांगते. पाळणेवाल्याचं, बांगड्यावाल्या चाचींचं, तुझ्या जिभेचं. कधी कधी एकच गोष्ट दोनदा होते, ती तसं म्हणत नाही. राग गेला का, ते मी विचारलं नाही. फोटो तिच्याकडे आहे आणि तिने तो अजून पाहिलेला नाही, असं ती म्हणते आणि मी मानते.

पहिल्यांदाच माझ्यावर असं काम पडलंय, की मला नुसतं जगायचं आहे. गोळ्या घेते. भाकरी अर्धी तरी खाते. तू लहान होतास, तू मागे राहायला पाहिजे होतंस, तसं झालं नाही.

तू गेलास. मी आहे.